उतारवय, हृदयविकार आणि रक्ताची गुठळी

‘रक्त पातळ करण्याची गोळी’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे की आम्ही डॉक्टरही तोच वापरतो. परंतु या गोळीने रक्त पातळ होत नाही, त्याची गोठण्याची क्रिया मंदावते, एवढे आरंभीच सांगितलेले बरे.

वय वाढते तसा रक्ताचा तोल गोठण्याच्या बाजूला झुकत जातो. फायब्रिनोजेनसारखी, गुठळी बांधणारी प्रथिने रक्तात वाढतात आणि झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. त्यातच हृदयाचे ठोके अनियमित झाले, म्हणजे ज्याला आम्ही एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो ते झाले, की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी, बोटासारखी पिशवी असते. तिच्यात रक्त साकळते, गुठळी धरते आणि ती सुटली की थेट मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकू शकते. पक्षाघाताचा हा धोका मोजण्यासाठी जी गुणपद्धती वापरली जाते, तीत पंच्याहत्तरी गाठलेल्याला केवळ वयासाठी २ गुण मिळतात. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्यालाही त्यासाठी तेवढेच.

अडचण अशी की याच वयात रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. मग घरचे म्हणतात, आता या वयात ती कडक गोळी कशाला, साधी ॲस्पिरिन द्या. हा समज सौम्य वाटला तरी चुकीचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ७५ वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या ९७३ रुग्णांवर झालेल्या ‘बाफ्टा’ नावाच्या औषधचाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. वॉरफेरिन (हीच ती गोठण्याची क्रिया मंदावणारी ‘कडक’ गोळी) घेणाऱ्यांत पक्षाघात आणि तत्सम घटनांचे वार्षिक प्रमाण १.८ टक्के, तर ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ३.८ टक्के होते; मोठ्या रक्तस्रावात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. (स्टेंट बसवलेल्यांची ॲस्पिरिन हा वेगळा विषय आहे, ती कोणी मनाने बंद करू नये.)

तेव्हा वय हे औषध टाळण्याचे कारण नसून मात्रा काटेकोरपणे ठरवण्याचे कारण आहे, आणि तिथे मूत्रपिंडाचा विचार आलाच. ऐंशी वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचा क्रिएटिनिनचा, म्हणजे स्नायूंत तयार होणाऱ्या आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायच्या टाकाऊ द्रव्याचा, रिपोर्ट १.० येतो आणि सगळे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात वय आणि वजन धरून हिशेब केला, तर त्यांचे मूत्रपिंड मिनिटाला जेमतेम ३२ मिलिलिटर रक्त स्वच्छ करत असते. स्नायूच कमी असल्यामुळे क्रिएटिनिन कमी तयार होते, म्हणून आकडा फसवा दिसतो. डॅबिगाट्रानसारखे, गोठण्याची क्रिया मंदावणारे औषध बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने अशा रुग्णाच्या रक्तात ते साठत जाते.

पथ्याची चौकशी करताना पालक आणि मेथीबद्दल सगळे विचारतात. वॉरफेरिन किंवा त्याच जातीचे ॲसेनोकौमॅरॉल चालू असेल, तर भाजी बंद करायची नसते, तिचे प्रमाण फक्त रोज साधारण सारखे ठेवायचे असते. गुडघेदुखीच्या गोळीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. एका आजींचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, नेहमी दोन ते तीनच्या, म्हणजे हव्या त्या मर्यादेत असे, तरी त्यांना काळी शौच होऊ लागली, जी पोटातील रक्तस्रावाची खूण असते. त्यांच्या नातीने औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली, तेव्हा तळाशी डायक्लोफेनॅक या, रक्तस्रावाचा धोका वाढवणाऱ्या वेदनाशामक गोळीची अर्धी संपलेली पट्टी निघाली. ‘ही तर दुखण्याची आहे, हृदयाची नव्हे,’ असे म्हणत आजींनी ती पुन्हा पिशवीत ठेवायला घेतली.