स्टीलच्या पोटातले ग्रेन अन् एक स्लायडर

हिंगणा एमआयडीसीतली छोटी टेस्टिंग लॅब. हा जो बोटभर तुकडा दिसून राहिला ना, तो स्टीलच्या पाइपचा आहे. बेकेलाइटमध्ये बसवला, एमरी पेपरवर घासघास घासला, मग मखमली कापडावर अल्युमिना टाकून तोंड दिसेल इतका चकचकीत केला. वरून नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडंसं नायट्रिक ॲसिड, काही सेकंद. ॲसिड ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिक-कणांच्या, सीमा जास्त खातं, म्हणून मायक्रोस्कोपखाली तिथे काळ्या रेघा दिसतात.

आता हा फोटो इमेजजे मध्ये. एकदम फुकट सॉफ्टवेअर, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत 1997 पासून बनत आलंय, मूळ काम डॉक्टरी फोटोंचं, पण धातूवाल्यांनी कधीच आपलंसं करून टाकलं.

इथे थांबा जरा. स्क्रीनवर तो थ्रेशोल्डचा, म्हणजे किती काळं ते रेघ धरायचं हे ठरवणारा, स्लायडर पाहा. थोडा डावीकडे सरकवला की अर्ध्या रेघा गायब, दोन ग्रेनचा एक झाला. उजवीकडे नेला तर पॉलिशिंगचा ओरखडासुद्धा सीमा बनून बसतो अन् एका ग्रेनचे दोन तुकडे. सॉफ्टवेअर दोन्ही वेळेस तितक्याच थाटात आकडा देतं! एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेच्या मोजणीत ग्रेन नंबर 7 म्हणजे 100 पट मोठ्या केलेल्या फोटोच्या एका चौरस इंचात 64 ग्रेन, नंबर 8 म्हणजे थेट 128, एका नंबरात डबल. अन् ग्रेन जितके बारीक तितकं स्टील मजबूत, हे हॉल आणि पेच यांनी 1950 च्या दशकातच दाखवलं, म्हणजे स्लायडर चुकला की मजबुतीचा हिशोबही चुकला. म्हणून इथले जुने हात आधी सॅम्पल पुन्हा पॉलिश करायला लावतात, माऊसला हात नंतर. मला तरी ते पटतं.

पुढचं मॉडेलिंग. नेपर नावाचं, तेही फुकट, ग्रेनच्या साइझवरून कॉम्प्युटरात खोटे ग्रेन रचून, हिशोबासाठी त्यांचे बारीक तुकडे पाडणारी जाळी बनवून देतं. ग्रेनच्या दिशांचा अभ्यास करणारं एमटेक्सही फुकट आहे, पण ते मॅटलॅबवर चालतं अन् मॅटलॅबचं लायसन्स विकत, मग घ्या. डॅमास्क हे जर्मनीच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटचं, ते त्याच ग्रेनना ओढून-ताणून कोणता आधी वाकतो ते काढतं. त्याला प्रत्येक ग्रेनची दिशा, म्हणजे त्यातल्या अणूंच्या रांगा कुठे वळल्यात ते, लागते, जी साध्या मायक्रोस्कोपच्या फोटोत नसतेच, त्यासाठी ईबीएसडी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर ही दिशा मोजायची सोय, पाहिजे, आणि त्या मशीनचा स्लॉट मिळेपर्यंत पोरं मनाने दिशा टाकून मॉडेल चालवून पाहतात, निदान हात तरी बसतो बाप्पा.