गिरमिट नाकाची पाणबुडी

[काळोखातून फिरत पुढे येणारं पोलादी टोक]

सुताराच्या गिरमिटासारखं हे टोक. जपानी पडद्यावर जहाजांच्या, रणगाड्यांच्या, यंत्रमानवांच्या अंगावर ते सारखं भेटत राहतं. त्याचा माग काढत मागे गेलं, की आपण १९०० सालच्या एका कादंबरीपाशी पोचतो.

[पिवळी पडलेली पानं, उभ्या ओळींची छपाई]

'काइतेइ गुन्कान', म्हणजे समुद्राखालची युद्धनौका. लेखक ओशिकावा शुनरो, जन्म १८७६, गाव मात्सुयामा. पुढे वासेदा विद्यापीठ म्हणून ओळखल्या गेलेल्या तोक्योतल्या संस्थेत ते तेव्हा शिकत होते. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न जपानीत येऊन वीसेक वर्षं झाली होती. १८७८ मध्ये कावाशिमा चुनोसुके यांनी ऐंशी दिवसांतली पृथ्वीप्रदक्षिणा थेट फ्रेंचमधून आणायला सुरुवात केली, आणि पाठोपाठ त्याच्या कॅप्टन नेमोची पाणबुडी 'नॉटिलस'ही आली. त्यामुळे ओशिकावांना 'जपानचा व्हर्न' म्हणून एका ओळीत उरकण्याची सवय पडली आहे. ही ओळ अपुरी आहे. दोन्ही जहाजं शेजारीशेजारी ठेवून पाहू.

[दोन रेखाचित्रं: डावीकडे नॉटिलस, उजवीकडे देन्कोतेइ]

नॉटिलसच्या नाकावर पोलादी सुळा आहे, पण तो स्थिर. धडक द्यायची तर अख्खं जहाज वेगात न्यावं लागतं. शक्ती विजेची, सोडियम वापरणाऱ्या बॅटऱ्यांची, आणि सोडियम समुद्राच्याच पाण्यातून काढलेलं.

ओशिकावांच्या 'देन्कोतेइ'चं नाक त्रिधारी आहे आणि ते फिरतं. शत्रूच्या जहाजाचा तळ त्याने भोकसायचा. शक्ती बारा रासायनिक द्रवांची. ते कुठले, हे गुपितच राहतं.

खरा फरक मात्र गोदीत आहे. व्हर्नचं जहाज वाचकाला तयार मिळतं. सुटे भाग देशोदेशी घडवून एका ओसाड बेटावर जोडले, असं नेमो सांगतो आणि पुढे जातो. ओशिकावा वाचकाला त्या बेटावरच नेऊन ठेवतात. बेट हिंदी महासागरातलं. नौदलाचा अधिकारी साकुरागी आपली माणसं घेऊन तिथे लपून बसला आहे, आणि जहाज अजून बांधून व्हायचं आहे. सिंहांच्या रानातून जायला तिथे एक लोखंडी गाडीही तयार होते. मग त्सुनामी येते आणि द्रवांची पिंपं वाहून जातात. जहाज गोदीत, आणि ते हलवायला थेंबभर इंधन नाही. शेवटी ते आणायला माणसं बलूनमधून निघतात. यंत्र अडतं कशामुळे आणि पुन्हा सुरू व्हायला काय लागतं, यावर गोष्ट पेलणं ही ओशिकावांची कमाई.

[टोकाचं छेदचित्र, हळूहळू फिरणारं]

असं टोक खरंच चालेल का? पहिली अडचण टेकूची. लाकडाला भोक पाडताना सुतार जमिनीवर पाय रोवून उभा असतो. पाण्यातल्या जहाजाला रोवायला काही नाही. टोक उजवीकडे फिरत पोलादाला भिडलं, की जहाजच डावीकडे कलंडू लागतं. त्यावर उपाय म्हणजे उलट दिशेने फिरणारा दुसरा भाग किंवा तळाशी भरपूर वजन. दुसरी अडचण दांड्याची. दांडा कवचातून बाहेर पडतो तिथली फट ग्लँड पॅकिंगने, म्हणजे दांड्याभोवती आवळून बसवलेल्या भरावाने, बुजवतात. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाएवढा वाढतो. पॅकिंग जास्त आवळलं तर दांडा तापतो, सैल ठेवलं तर पाणी आत येतं.

[योकोसुकाची जुनी छायाचित्रं]

कादंबरी छापली गेली तेव्हा जपानी नौदलाकडे एकही पाणबुडी नव्हती. पहिल्या पाच, हॉलंड पद्धतीच्या, अमेरिकेतून सुट्या भागांत आल्या आणि १९०५ मध्ये योकोसुकाला जोडल्या गेल्या. रशियाशी चाललेल्या युद्धात त्या उपयोगी पडल्या नाहीत. सहावी कोबेच्या कावासाकी गोदीत बांधली.

[राखाडी समुद्र. संगीत नाही.]

१५ एप्रिल १९१०, हिरोशिमाचा उपसागर. हवेची नळी पाण्याबाहेर ठेवून, पेट्रोलच्या इंजिनावर सहावी पाणबुडी अर्धवट बुडून चालली होती. ती ठरल्यापेक्षा खोल गेली आणि नळीतून पाणी घुसलं. नळीची झडप बंद करणारी साखळी निसटली, हाताने बंद करेपर्यंत उशीर झाला. मागचा भाग भरला, विजेच्या फळ्यावर पाणी आलं, दिवे गेले. आत १४ माणसं होती. पाणबुडीचे प्रमुख साकुमा त्सुतोमु शेवटपर्यंत लिहीत राहिले: काय बिघडलं, कोणत्या क्रमाने.

[लिहिलेली पानं, एकामागून एक. दहा सेकंद निवेदन नाही.]

ओशिकावांनी या मालिकेत एकूण सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत युद्धाचा आवेश भरपूर होता, आणि तो पुढच्या पिढीच्या डोक्यात गेला. १९१४ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले.

[१९६३ च्या चित्रपटाचं भित्तिपत्रक]

तोहो कंपनीने 'काइतेइ गुन्कान' हेच नाव घेऊन चित्रपट काढला. दिग्दर्शक होंदा इशिरो, विशेष दृश्यं त्सुबुराया एइजी. शत्रू बदलला, काळ बदलला. पण दूरच्या बेटावर लपून जहाज बांधणारा नौदल अधिकारी राहिला, आणि नाकावरचं टोकही.

[चित्रकाराचं टेबल, दिव्यावर ठेवलेले सेल, म्हणजे चित्रांचे पारदर्शक कागद]

ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, हे टोक टिकलं, त्याला एक साधं कारण आहे. ते स्वस्तात फिरतं. दोन आट्यांमधल्या अंतराचे तीन सारखे भाग करायचे, दर चित्रात आटा एक भाग पुढे सरकवायचा आणि तीच तीन चित्रं पुन्हापुन्हा दाखवायची. दोनच चित्रं वापरली तर आटा पुढे जातोय की मागे, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून किमान तीन. दूरचित्रवाणीसाठी सेकंदाच्या २४ चौकटींपैकी एक चित्र बहुधा तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं.

[वाफेचे लोट]

वाफेचं तसं नाही. तिचा लोट फिरून तोच दिसला की नजरेत भरतो, मग प्रत्येक वेळी तो नव्याने काढावा लागतो. ओतोमो कात्सुहिरो यांच्या २००४ च्या 'स्टीमबॉय' या ॲनिमे चित्रपटाला १ लाख ८० हजारांच्या आसपास चित्रं लागली, ती उगीच नाही.

[नादिया, १९९०. पाणबुडी गोदीत]

आन्नो हिदेआकी यांची ॲनिमे मालिका 'नादिया', ३९ भाग, काळ १८८९ चा. नेमो आणि नॉटिलस व्हर्नचे. पण दक्षिण ध्रुवाच्या तळावर दुरुस्तीला लागलेलं जहाज आणि त्याच्याभोवतीची लगबग पाहताना ओशिकावांचं बेट आठवतं.

[१९९५. श्रेयनामावलीआधीचं शेवटचं दृश्य]

आणि ही घरच्या व्हिडिओसाठी काढलेली दोन भागांची मालिका. नाव 'शिन काइतेइ गुन्कान', म्हणजे नवी समुद्राखालची युद्धनौका. जहाज वर येतंय. नाकाकडे पाहा.