बँट्रीच्या खाडीतला वुल्फ टोन

श्रोतेहो, नमस्कार.

पेशव्यांच्या फौजेत विल्यम टोन नावाचा एक आयरिश अधिकारी होता. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर त्यानं लिहून ठेवलेलं टिपण अभ्यासक आजही वाचतात. आज मी बोलणार आहे ते त्याच्या थोरल्या भावाविषयी, थिओबाल्ड वुल्फ टोनविषयी.

वुल्फचा जन्म 1763 मध्ये डब्लिनचा. वडील घोडागाड्या बनवत. घर प्रोटेस्टंट, म्हणजे राज्यकर्त्यांच्या पंथाचं. देशात बहुसंख्य मात्र कॅथलिक, आणि त्यांना ना मत, ना संसदेत जागा. पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडासुद्धा कॅथलिक माणसानं बाळगायचा नाही, असा कायदा होता! टोनला या कायद्यांची झळ कधीच लागली नसती. वकिलीची सनद मिळाली होती, खुशाल पैसा करायचा. पण 1791 मध्ये त्यानं कॅथलिकांची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. आपण पंथापंथांत भांडतो म्हणून इंग्रजांचं फावतं, हे त्यानं उत्तरेतल्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे आणखी एका प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींना ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये सगळ्या पंथांच्या आयरिश लोकांना एकत्र आणू पाहणारी ‘युनायटेड आयरिशमेन’ ही संघटना उभी राहिली. मला टोन सर्वांत मोठा वाटतो तो इथे. पुढच्या लढायांपेक्षाही इथे.

सरकारचा ससेमिरा लागला आणि 1795 मध्ये बायकोमुलांसह त्याला अमेरिका गाठावी लागली. तिथून तो एकटाच फ्रान्सला गेला. तोडकंमोडकं फ्रेंच, ओळख ना पाळख. तरी थेट कार्नोसारख्या सत्ताधाऱ्यापुढे जाऊन त्यानं आयर्लंडची कैफियत मांडली. डिसेंबर 1796 मध्ये फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरातून 43 जहाजं आयर्लंडकडे निघाली, चौदा-पंधरा हजार सैनिक घेऊन. सेनापती होता जनरल ओश.

पण धुक्यात ताफा फुटला आणि नेमकं ओशचंच जहाज भरकटलं. उरलेली काही जहाजं आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, बँट्रीच्या खाडीत पोहोचली. समोर बर्फानं पांढरे झालेले डोंगर, आणि वारा जमिनीकडून सुटलेला, जहाजांना मागे लोटणारा. बिस्किट फेकलं तर किनाऱ्यावर पडेल इतके आपण जवळ आहोत, असं टोननं डायरीत लिहिलंय. दिवसांमागून दिवस तो ती जमीन नुसती बघत राहिला. शेवटी नांगरांचे दोर कापून जहाजं परतली. सैन्य उतरलं असतं तर? हा प्रश्न मला आजही छळतो.

1798 मध्ये आयर्लंडात उठाव झाला आणि निर्दयपणे चिरडला गेला. सप्टेंबरात टोनचा भाऊ मॅथ्यू फासावर गेला. ऑक्टोबरात फ्रेंच ताफ्यासोबत टोन पुन्हा निघाला. इंग्रजांनी गाठलं, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्याला वेगवान जहाजातून निसटून जायला विनवलं. तो गेला नाही. तोफांपाशी उभा राहून लढला आणि पकडला गेला.

डब्लिनच्या लष्करी न्यायालयात तो फ्रेंच गणवेशात उभा राहिला. आरोप नाकारले नाहीत. मागणी एकच: सैनिकासारखं गोळी घालून मारा. तीही फेटाळली, फाशीच ठरली. फाशीच्या दिवशी सकाळी तो गळा कापलेल्या अवस्थेत सापडला आणि 19 नोव्हेंबर 1798 रोजी गेला. वय अवघं पस्तीस.

त्याची पत्नी मटिल्डा हिनं त्याच्या डायऱ्या जिवापाड जपल्या. 1826 मध्ये मुलानं, त्याचंही नाव विल्यमच, त्या वॉशिंग्टनमध्ये छापून आणल्या. बँट्रीच्या खाडीतले ते दिवस आपण आज टोनच्याच शब्दांत वाचू शकतो, ते या मायलेकरांमुळे.