गड्ड्याची तारीख आणि गर्भजलातला आकडा

“शेवटची पाळी कधी आली होती?” सोलापुरात कधीकधी उत्तर मिळतं, “गड्ड्याच्या वेळी.” सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे जत्रा, पंधरा दिवस चालतो. गर्भजल तपासणाऱ्याला पंधरा दिवसांची चूक परवडत नाही.

अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी, हे प्रथिन मुख्यतः बाळाच्या यकृतात बनतं आणि थोडं लघवीवाटे गर्भजलात उतरतं. चौदाव्या आठवड्यानंतर तिथलं प्रमाण दर आठवड्याला साधारण १० ते १५ टक्क्यांनी घटतं. आईच्या रक्तात नेमकं उलटं, तिथे ते वाढत जातं. १६ आठवड्यांचा गर्भ १८ चा धरला, की निरोगी बाळाचाही आकडा चढा दिसतो. म्हणून पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरून वय आधी पक्कं करायचं.

मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती उघडी राहिली, तर तिथून एएफपी पाझरतं. ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी १९७२ मध्ये गर्भजलातली ही वाढ दाखवून दिली.

आता गर्भजल काढणारी सुई. पडद्यावर बाळ आणि वार पाहत बारीक, २२ गेजची सुई आत जाते. पहिले १-२ मिली पाणी बाजूला काढतात, त्यात आईच्या पेशी असू शकतात. मग १५ ते २० मिली. पाणी फिकट पिवळसर हवं. लालसर झाक दिसली, की रक्त कोणाचं ते आधी शोधायचं. बाळाच्या रक्तात एएफपी गर्भजलाच्या शंभर पटीहून जास्त असतं. थोडंसं मिसळलं तरी आकडा फसवा होतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन विसरून चालत नाही.

आकडा चढा आला, तरी निदान झालं असं नाही. मग जेलवर अॅसिटिलकोलिनएस्टरेज, म्हणजे चेतापेशींतलं एक एन्झाइम, पाहतात. निरोगी गर्भजलात एकच संथ पट्टी उमटते. चेतासंस्था उघडी असेल, तर तिच्यापुढे दुसरी, वेगवान पट्टी दिसते आणि विशिष्ट रोधक घातला की तीच पुसली जाते. जन्मजात नेफ्रोसिस या मूत्रपिंडविकारात एएफपी प्रचंड चढतं, पण दुसरी पट्टी नसते. नळीचा दोष कातडीने झाकलेला असेल, तर दोन्ही चाचण्या गप्प राहतात. तिथे सोनोग्राफीच बोलते.

संमतिपत्र आईला कळणाऱ्या भाषेत हवं: मराठी, कन्नड किंवा तेलुगू. मुलगा की मुलगी, हे सांगायला कायद्याने बंदी आहे.

ही नळी नीट मिटावी म्हणून फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करायची. आधीच्या बाळाची नळी उघडी राहिली असेल, तर डॉक्टर याच्या दहापट डोस देतात. पाळी चुकून, खात्री करून, बाई पहिल्यांदा दवाखान्यात येते तोवर बहुतेकदा ते २८ दिवस उलटून गेलेले असतात.