आस शेवटी बसवा

मला दिलेला विषय आहे 'पहिलाच टिअरड्रॉप ट्रेलर घरी बांधताना'. टिअरड्रॉप म्हणजे गाडीमागे ओढायचं, थेंबाच्या आकाराचं, झोपण्यापुरतं छोटं खोकं. विषय मोठा आहे आणि वेळ पंचेचाळीस मिनिटं. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मला खरं बोलायचंय ते एकाच गोष्टीवर. ट्रेलरचा आस, ज्याला आपण रोज अ‍ॅक्सल म्हणतो, तो सगळ्यात शेवटी बसवावा. बहुतेक नकाशे नेमकं उलटं सांगतात. आधी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मग आस, मग चाकं आणि त्यावर लाकडी खोकं. हे चुकतंय असं मी भेटेल त्याला सांगत आलोय. आज एकदम भरलेलं सभागृह मिळालंय, तर सोडणार नाही. पण आसापर्यंत पोचायचं तर मागच्या झाकणावरून जावं लागतं, कारण माझी सगळी गडबड तिथून सुरू झाली.

त्याआधी या थेंबाच्या आकाराबद्दल थोडंसं. पडणारा थेंब या आकाराचा नसतोच, हे किती जणांना माहीत आहे? छोटा थेंब गोल असतो, मोठा खालून चपटा होतो. आपण चित्रात काढतो तसला शेपटीवाला थेंब आकाशात कुठेही सापडत नाही. पण हवेला तो आकार आवडतो, पुढे गोल आणि मागे निमुळता. म्हणून ट्रेलरची गोल बाजू पुढे आणि उतरती बाजू मागे. अमेरिकेत 1930च्या दशकात लोक असले ट्रेलर घरी बांधायला लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला खरा बहर आला. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताशी होता, प्लायवूड होतं, आणि 1947च्या सुमारास तिथल्या यंत्रविषयक मासिकांनी नकाशेही छापले. माप ठरलं ते प्लायच्या तक्त्यावरून: चार फूट बाय आठ फूट. एक तक्ता म्हणजे एक भिंत. आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. उभं राहायचं ते बाहेर. ही कल्पना मला अजूनही फार सुंदर वाटते. छताखाली फक्त झोप, बाकीचं सगळं जगणं उघड्यावर.

आता ते झाकण. ज्यांनी बांधलंय त्यांच्या चेहऱ्यावर मला आत्ताच काहीतरी दिसतंय. ट्रेलरमधला सगळ्यात अवघड भाग कोणता म्हणाल, तर हाच. भिंती सपाट असतात. छत वाकतं, पण भिंतींना स्क्रूने जखडलेलं असतं, त्यामुळे वाकलेलंच राहतं. झाकणाला मात्र कोणाचा आधार नाही. ते स्वतःच्या अंगाने वाकलेलं राहायला हवं, वर त्याने पाऊस अडवायला हवा, आणि एका हाताने उचलता यायला हवं.

मी प्लायच्या बरगड्या कापल्या, भिंतीच्या वळणाशी तंतोतंत जुळणाऱ्या. त्या भिंतीवरच ठेवून वरून तीन मिलिमीटरचा प्लाय गोंदाने चिकटवला, क्लॅम्प लावले, पट्टे आवळले. दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी क्लॅम्प सोडले आणि झाकण हळूच उघडलं. हो, अक्षरशः माझ्या डोळ्यांदेखत. खालची कड भिंतीपासून दूर जात जात थांबली. पट्टी लावली, तर बावीस मिलिमीटर.

हा तुकडा आणलाय त्याच झाकणाचा, पुढच्या रांगेपासून फिरवा. बोटाने दाबून बघा. वाकवलेल्या प्लायला सरळ व्हायचं असतं, ही त्याची उसळी. बाहेरचा एकच थर चिकटवून मी झाकण सोडलं, तिथे चुकलो. झाकण भिंतीवर असतानाच बरगड्यांना आतूनही दुसरा थर चिकटवायला हवा होता. आत एक, बाहेर एक, मधे बरगड्या, असं झालं की दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवतात आणि उसळी जवळजवळ संपते. काही जण साच्याचं वळणच थोडं जास्त ठेवतात, म्हणजे उसळल्यावर बरोबर जागेवर येतं. दोन्ही चालतं. मी दोन्ही केलं नाही.

मग मी काय केलं? डागडुजी. ज्यांना हातोडा धरायची हौस आहे त्यांना हा रोग माहीत आहे. जाड बरगड्या घातल्या, आतून थर चिकटवला, बाहेरून आणखी एक. कड ओढून धरायला दोन भक्कम कड्या लावल्या. एवढं जड झालं म्हणून मोठे गॅस स्ट्रट, म्हणजे झाकण वर ढकलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या, आले, स्ट्रटच्या जोराने भिंत फाकू नये म्हणून मागे आडवं लाकूड आलं. चौदा किलोचं झाकण तेवीसवर गेलं. कड मात्र बसली, आणि माझा आनंद काय वर्णावा.

पाण्याचंही सांगतोच, कारण तुकडा फिरतोय तर त्याची कड बघा. काळी पडलीय ना? प्लायचा पृष्ठभाग पाणी बऱ्यापैकी अडवतो, कड मात्र वातीसारखी ओढून घेते. झाकणाच्या वरच्या बिजागरीपाशी एक थेंब झिरपायचा. मी तिथे सिलिकॉन भरलं. कृपा करून हे करू नका. सिलिकॉनवर रंग बसत नाही, दुसरा गोंद बसत नाही, फार काय, नवं सिलिकॉनसुद्धा जुन्यावर धड चिकटत नाही. खरवडण्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले. पत्र्याच्या पट्टीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावा, ती वर्षानुवर्षं मऊ राहते. प्रत्येक कापलेल्या कडेला जोडण्याआधी एपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा पातळ गोंद, पाजा. पाजा हाच शब्द बरोबर आहे, कारण कड ते खरंच पिते. पहिला हात गायब होतो, दुसऱ्या हाताला चमक येते. आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लाकडाला पूर्ण चिकटवू नका. अडीच मीटरचा पत्रा थंड रात्र ते तापलेली दुपार, चाळीस अंशांच्या फरकात, दोन मिलिमीटरहून जास्त वाढतो. लाकूड तेवढं वाढत नाही. पत्र्याला सरकायला जागा नसेल तर तो फुगा धरतो. भोकं जरा मोठी ठेवा, कडा पट्टीखाली मोकळ्या सोडा.

हवेचं एक वाक्य, तेही फार महत्त्वाचं. बंद खोक्यात दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, सकाळी छतातून पाणी ठिबकतं आणि तुम्ही गळती शोधत बसता. छताला झरोका आणि दाराला छोटी खिडकी, दोन्ही किंचित उघडी ठेवा. आणि आत शेगडी कधीही पेटवायची नाही, कितीही थंडी असो. ओटा बाहेर आहे तो त्यासाठीच.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बारा मिनिटं? बरं. आता आस.

तर तेवीस किलोचं झाकण सगळ्यात मागे. त्याखाली ओटा, शेगडी, भांडी. ओट्याखाली जागा रिकामी दिसली म्हणून तिथे पंचवीस किलोची बॅटरी आणि वीस लिटरचा पाण्याचा कॅन. आस मात्र नकाशाबरहुकूम आधीच वेल्ड केलेला. पहिल्या प्रवासाला निघालो. साठच्या वेगाला सगळं छान. एका लांब उतारावर वेग सत्तरच्या पुढे गेला, आणि कोणीतरी गाडीची पाठ धरून हळूच डावीकडे ओढतंय असं वाटलं. मग उजवीकडे. मग डावीकडे, आधीपेक्षा जास्त. आरशात ट्रेलर एकदा या बाजूला दिसायचा, एकदा त्या बाजूला. स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, ब्रेकवर पाय दिला नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडला. हळूहळू शांत झाला. शेजारी बायको होती, ती एक शब्द बोलली नाही. गाडी बाजूला घेतली तेव्हा माझे हात थरथरत होते.

बैलगाडीच्या भाषेत याला शब्द आहे: गाडी उलाळ झाली. मागे ओझं जास्त, दांडी वर उचलायला बघते. याच्या उलट ती धुरजड. उलाळ ट्रेलरचं वजन आसाच्या मागे लोंबकळतं, एक धक्का बसला की ते झुलतं आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा होत जातो. धुरजड ट्रेलरला तोच धक्का बसला तर हेलकावे मरत जातात. फिरत्या पट्ट्यावर खेळण्यातला ट्रेलर ठेवून हे दाखवतात. वजनाचा ठोकळा पुढचा मागे नेला की काही क्षणांत ट्रेलर आडवा.

घरी येऊन बॉलवरचं वजन मोजलं. बॉल म्हणजे गाडीमागचा गोळा, त्यावर ट्रेलरच्या दांड्याचं टोक, म्हणजे कपलर, बसतं. न्हाणीघरातला साधा काटा, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर कपलर. ट्रेलर भरलेला 450 किलो. बॉलवर किती? अठरा. म्हणजे चार टक्के. रूढ हिशेब दहा ते पंधरा टक्क्यांचा, म्हणजे किमान 45 हवेत. युरोपात याहून कमी ठेवतात, पण चार टक्क्यांवर कोणी निवांत गाडी हाकणार नाही.

हिशेब पटकन सांगतो, लिहून घ्या. बॉलपासून ट्रेलरच्या तोलबिंदूचं, म्हणजे जिथे टेकवला तर सगळा ट्रेलर तोलला जाईल त्या जागेचं, अंतर मोजा. त्याला 0.88 ने भागा. जे येईल तिथे आस. बस, एवढंच. बारा टक्के वजन बॉलवर आपोआप येतं. तोलबिंदू 2.2 मीटरवर असेल तर आस 2.5 वर. नकाशाने माझा आस 2.5 वर बसवला होता, तोलबिंदू खोक्याच्या मध्यावर राहील असं धरून. पण झाकणाने, ओट्याने आणि बॅटरीने तो वीस सेंटिमीटर मागे नेला, 2.4 वर. जेमतेम वीतभर फरक. मी उतारावरचं सांगितलं ते सगळं त्यातून आलं. आसाच्या मापात चूक नकाशाची नव्हती. नकाशा काढणाऱ्याला माझं झाकण काय माहीत असणार? प्रत्येकाचा पहिला ट्रेलर नकाशापेक्षा वेगळा होतोच, डागडुजी होतेच, आणि ती बहुतेक वेळा मागच्या बाजूला होते.

म्हणून खोकं आणि दांडा आधी पूर्ण करा, सुताराच्या लाकडी घोड्यांवर ठेवून. झाकण लावा, बॅटरी ठेवा, पाणी भरा, गादी टाका, भांडीसुद्धा. मग तळाखाली एक जाड पाइप आडवा सरकवा, दोन्ही टोकांना ठोकळे ठेवून, चार माणसं धरून, आणि खोकं पाइपवर तोललं जाईल ती रेघ खडूने ओढा. आसाचं आणि चाकांचं वजन यात नाही, पण ते आसावरच बसणार, बॉलला त्याने फरक पडत नाही. त्या रेघेपासून हिशेब करून आस बोल्टने बसवा, लगेच वेल्ड नको.

मला विचारतात, मग दार कुठे कापायचं? मडगार्ड दाराच्या खालच्या कोपऱ्यात येतो, ते वळण आसावर अवलंबून. प्रश्न अगदी रास्त. दारही शेवटी कापा. भिंत अख्खी ठेवा, तोल काढा, आस ठरवा, मग मडगार्डचं वळण भिंतीवर आखून दार कापा. आतली कामं झाकणाच्या तोंडातून करावी लागतात, त्रास होतो, मान्य आहे. पण कापलेलं दार पुढेमागे नेता येत नाही. माझं गेलं नाही. मी बॅटरी आणि पाणी मागून काढून दांड्यावरच्या पेटीत नेलं, बॉलवरचं वजन साठच्या पुढे गेलं, ट्रेलर आज सरळ धावतो. पण ओट्याशी उभं राहून पाणी हवं असलं की दर वेळी वळसा घालून पुढे जावं लागतं.

दोन मिनिटं राहिली. गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या साखळ्या कपलरखाली कैचीसारख्या आडव्या घाला, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा त्यांच्यात झेलला जाईल. दिव्यांची अर्थिंगची, म्हणजे वीज परत नेणारी, तार वेगळी घ्या, बॉलच्या भरवशावर राहू नका. चाकांचे नट पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरला थांबून पुन्हा आवळा.

ट्रेलर बाहेर उभा आहे. काटा आणि ठोकळाही आणलाय. मुद्दाम बॅटरी परत मागे ओट्याखाली ठेवलीय. आधी दांडा हाताने उचलून बघा आणि किलो किती असतील ते सांगा, मग काट्यावर ठेवू. त्यानंतर बॅटरी पुढे नेऊन पुन्हा उचलायचा. दोघंतिघं मदतीला या, पंचवीस किलो आहे.