दुबई दीड तासावर नाही बरं का

नमस्कार मंडळी. आज विषय आहे मुंबई ते दुबई. हवेतून अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, वेळ साधारण तीन तास. लक्षात ठेवा, तीन तास. कारण तिकिटावर तसं दिसत नाही, आणि त्यावरून आमच्या वाड्यात जे रामायण झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वाड्यातल्या एक काकू लेकीकडं दुबईला निघाल्या, पहिलंच विमान. तिकीट सगळ्या वाड्यानं वाचलं. जाताना मुंबईहून दहाला निघून दुबईत साडेअकरा. येताना दुपारी दोनला निघून मुंबईत साडेसहा. म्हणजे जायला दीड तास आणि यायला साडेचार? आता हे कसं काय? तर मिलमधून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना सगळंच माहीत असतं, ते म्हणाले अहो येताना चढ लागतो, खंडाळ्याचा घाट कसा चढतो आपण, तसंच. काकू म्हणाल्या, मग कर्जतला गाडीला मागून इंजिन लावतात तसं विमानाला लावत नाहीत का? काका गप्प.

तर दीड तासात काय भूक लागते म्हणून काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळी मोठ्या बॅगेत टाकली, ती गेली विमानाच्या पोटात. (कडक भाकरीसारखं प्रवासाला दुसरं काही नाही हे माझं ठाम मत आहे, विमानातल्या त्या गार सँडविचपेक्षा तर शंभर पटीनं बरी.) दोन तास झाले तरी खाली नुसता समुद्र. काकूंनी बेल दाबून एअर होस्टेसला विचारलं, बाई, दुबई मागं राहिली का?

पोचल्यावर जावयानं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. दुबईचं घड्याळ आपल्यामागं दीड तास. तिकिटावर निघायची वेळ निघाल्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचल्या गावची, म्हणून नुसती वजाबाकी करायची नाही. परत सांगतो, नुसती वजाबाकी करायची नाही, आधी दोन्ही वेळा एकाच गावच्या करून घ्या. काकू म्हणाल्या, म्हणजे जाताना दीड तास उसना दिला आणि येताना वसूल केला. बरोबर!

वाऱ्यानं थोडा फरक पडतो, हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, त्यामुळं येताना विमान जरा लवकरच येतं. म्हणजे काकांचा चढ उलटाच निघाला.

आता गंमत बघा. सूर्य सोलापूरवरून मुंबईवर जातो बारा मिनिटांत, आणि आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस तेवढ्यालाच अख्खी रात्र घेते. साडेचारशे किलोमीटरच की हो! त्यामुळं दुबईला जाणाऱ्यानं सोलापुरातून आदल्या रात्रीच निघावं, विमानतळावर तीन तास आधी पोचायचं असतं, आणि तिथला चहा पिऊ नका, किंमत ऐकूनच तोंड पोळतं.

काकूंचा धाकटा आता सिंगापूरला चाललाय. तिथलं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास, उड्डाण साधारण साडेपाच तासांचं. म्हणजे मुंबईहून रात्री बाराला निघाला तर तिथल्या सकाळी आठला पोचणार. वाड्यात परत तिकीट वाचणं सुरू झालंय.