टीएसएच मागे का राहतो? वाढलेल्या थायरॉइडचे रिपोर्ट समजून घेताना
(सोलापुरातील एका जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. थायरॉइडवर बोला असा निरोप आला, तेव्हा संयोजकांना मी एवढंच विचारलं, की कमी झालेल्या थायरॉइडवर बोलू की वाढलेल्या? कमी झालेल्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. सकाळी उपाशीपोटी गोळी घेणारं कुणी ना कुणी आता प्रत्येक घरात सापडतं. पण ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली, की त्या माणसाला सगळ्यांचेच सल्ले चुकीचे मिळतात. शेजारीण सांगते, ‘थायरॉइड आहे ना, मग भात सोड, वजन वाढेल.’ आणि इकडे हिचं वजन उतरून ब्लाऊज सैल झालेले असतात.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझा सगळा दिवस रक्ताच्या नळ्या आणि रिपोर्ट यांत जातो, त्यामुळे आज रक्ताच्या बाजूने बोलणार आहे. गोळी किती घ्यायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. आपला रिपोर्ट आपल्याला वाचता यावा, एवढ्याचसाठी मी इथे उभी आहे.

आपल्या गावात हा आजार उशिरा लक्षात येतो, त्याला एक कारण आपलं हवामान आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो. घाम येतो, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, चिडचिड होते. सगळे म्हणतात, ‘ऊन बाधलं.’ मग ताक, सरबत, कांदा. पण जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला अख्खं गाव स्वेटर घालून निघालेलं असताना जिला पंख्याशिवाय बसवत नाही, तिच्याकडे घरच्यांनी लक्ष द्यायला हवं. भूक चांगली, जेवण दुप्पट आणि तरी वजन उतरतंय, असं दिसलं की लोक आधी साखर तपासतात. तीही तपासावीच, पण त्याच रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारा आकडा, तपासायला सांगा. चाळिशी ओलांडलेल्या बाईला ‘पाळी जायची वेळ आली, होतं असं’ म्हणून घरी पाठवतात, ते मला फार खटकतं. आणि म्हाताऱ्या माणसांत तर हात थरथरणं, घाम येणं असलं काहीच दिसत नाही कधी कधी. नुसता अशक्तपणा असतो आणि नाडी अनियमित पडते. अशी नाडी वर्षभर दुर्लक्षित राहिली तर हृदयात गुठळी होऊन पक्षाघातापर्यंत गोष्ट जाऊ शकते. हाडंही आतून ठिसूळ होत जातात. म्हणून हा आजार अंगावर काढायचा नाही.

आता रिपोर्टकडे येऊ. त्यात साधारण तीन आकडे असतात. टी-थ्री आणि टी-फोर ही गळ्यातल्या ग्रंथीने बनवलेली संप्रेरकं. टीएसएच मात्र ही ग्रंथी बनवत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. कारखान्यात मुकादम असतो तसा तो समजा. काम कमी पडलं की मुकादमाचा आवाज चढतो, काम भरपूर झालं की तो गप्प बसतो. वाढलेल्या थायरॉइडमध्ये माल इतका पडलेला असतो, की मुकादम झोपून गेलेला असतो. म्हणून टी-थ्री, टी-फोर वर गेलेले आणि टीएसएच जवळजवळ शून्य, असा हा रिपोर्ट दिसतो. टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा लागतो. तुमच्या कागदावर ‘०.०१ पेक्षा कमी’ असं छापलेलं असेल, तर मशीनला मोजता येईल इतकाही तो उरलेला नाही, असा त्याचा अर्थ.

आज मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे. औषध सुरू झाल्यावर हे तीन आकडे एकत्र सुधारत नाहीत. कार्बिमॅझोलची गोळी नवं संप्रेरक बनणं रोखते, पण आधी बनून साठलेलं आणि रक्तात फिरणारं असतंच. टी-फोर रक्तातून निम्मा व्हायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर आठ दिवसांनी रक्त तपासण्यात काही हशील नाही. चार ते सहा आठवड्यांनी तपासायचं. तोवर धडधड आणि थरथर आटोक्यात राहावी म्हणून डॉक्टर बहुतेकदा प्रोप्रॅनोलॉलसारखी दुसरी गोळी देतात. तिने दोन-चार दिवसांत बरं वाटतं, आकडे मात्र तिने दुरुस्त होत नाहीत. तुम्हाला दमा असेल तर ती गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा.

सहा आठवड्यांनी टी-फोर जागेवर येतो आणि टीएसएच तसाच, ०.०१ च्या खाली. बरेच दिवस जास्त संप्रेरक पाहिलेली पिट्युटरी लगेच जागी होत नाही, तिला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. या मधल्या काळात माणसं दोन प्रकारे फसतात. टीएसएच अजून शून्यावरच आहे, म्हणजे औषध लागू पडत नाही, असं समजून काही जण गोळी वाढवून घेतात. मग टी-फोर गरजेच्या खाली जातो, अंग जड होतं, सूज येते, वजन चढतं. दुसरे असतात ते टी-फोर नॉर्मल आलेला बघून गोळीच सोडतात. महिन्या-दोन महिन्यांत धडधड परत.

एक उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही अशा बेताने. पूर्व भागातल्या एक अक्का आमच्याकडे येत. घरी बसून विड्या वळायच्या. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांना माहीत आहे, तेंदूचं पान कात्रीने मापात कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, टोक मुडपायचं आणि बारीक दोऱ्याने बांधायचं. बोटं स्थिर नसतील तर दोरा घसरतो आणि ती विडी कारखान्यात बाद होते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे बाद झालेली प्रत्येक विडी पोटाला चिमटा काढते. अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती, ‘दोराच बसेना ओ डॉक्टर.’ हात पुढे करायला सांगून पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला, तर तो कागद थरथरत होता.

औषध सुरू झालं. ठरल्या वेळी त्या परत रक्त द्यायला आल्या. रिपोर्टमध्ये टी-फोर हद्दीत आला होता, टीएसएच शून्यावरच. लेकाने मोबाइलवर काहीतरी वाचून ‘फरक नाही’ म्हणून सांगितलेलं, आणि अक्का रडायच्या बेतात. मी विचारलं, ‘दोरा बसतोय का आता?’ त्या म्हणाल्या, ‘दोरा बसतोय की.’ वजनही थोडं भरलं होतं. तो कागद घेऊन मी त्यांना टी-फोरचे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवले. अक्षरओळख नव्हती, पण आकडे येत होते. त्यांनी स्वतःच बोट ठेवून सांगितलं, ‘हे उतरलंय.’

म्हणून माझं मागणं आहे, एक साधी वही करा. तारीख, टीएसएच, फ्री टी-फोर, टी-थ्री, गोळीची मात्रा, वजन, आणि सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी. शेवटच्या रकान्यात अंगाला काय वाटतंय ते आपल्या शब्दांत. टी-थ्री मुद्दाम सांगते, कारण काहींत टी-फोर नॉर्मल असतो आणि एकटा टी-थ्रीच वर असतो. तो तपासला नाही तर रुग्णाला त्रास होत राहतो आणि कागद म्हणतो सगळं ठीक. वहीच्या चार ओळी एकाखाली एक आल्या, की एका रिपोर्टने घाबरायचं कारण राहत नाही.

ही वही एकाच लॅबच्या रिपोर्टची असेल तर उत्तम. प्रत्येक मशीनची नॉर्मल हद्द थोडी वेगळी असते आणि एककंही वेगळी असू शकतात. एका कागदावर फ्री टी-फोर १.५ आणि दुसऱ्यावर १९ दिसला म्हणून रात्रभर न झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. पहिला नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, दुसरा पिकोमोल प्रति लिटरमध्ये. दोन्हींचा अर्थ एकच होता! ‘फ्री’ म्हणजे रक्तात मोकळं असलेलं संप्रेरक आणि ‘टोटल’ म्हणजे प्रथिनांना चिकटलेलं धरून एकूण, यांतही गल्लत होते. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टोटल आकडे आजार नसतानाही चढतात, तेव्हा फ्री तपासणीच विचारात घ्यावी. उपाशीपोटी यायची गरज नाही. शक्यतो दर वेळी त्याच सुमाराला या, कारण टीएसएच दिवसभरात वर-खाली होतो.

खर्चाचंही बोलते, रोजंदारीवरच्या माणसाला ते महत्त्वाचं आहे. दर वेळी साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज घ्यायची काही गरज नसते. पाठपुराव्याला हे दोन-तीन आकडे पुरतात. बाकी काय हवं ते डॉक्टर लिहून देतील.

केसांच्या गोळ्यांबद्दल ऐका. या आजारात केस गळतात, मग बाई मेडिकलमधून बायोटिन आणते. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, आणि या गोळ्यांत ते दहा हजार मायक्रोग्रॅमपर्यंत असतं. तपासणीच्या अनेक पद्धतींत बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन मशीनला फसवतं. टीएसएच खोटा कमी आणि टी-थ्री, टी-फोर खोटे जास्त येतात, म्हणजे हुबेहूब याच आजाराचा रिपोर्ट. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या गोळ्या बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगा. आम्ही विचारायला हवं, हे खरंच आहे. पण घाईत कुणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. कार्बिमॅझोल घेणाऱ्या हजारांतल्या दोन ते पाच जणांत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अचानक नाहीशा होतात. त्याची पहिली खूण अगदी साधी असते, घसा दुखतो, ताप येतो, तोंडात फोड येतात. एरवी आपण हळद-मिठाच्या गुळण्या करतो आणि कामाला लागतो. ही गोळी चालू असताना तसं करायचं नाही. गोळी थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायची आणि डॉक्टरांना गाठायचं. रविवार असला तरी, सण असला तरी. पेशी ठीक निघाल्या तर गोळी पुन्हा सुरू करता येते. महिन्यापूर्वीची सीबीसी चांगली होती हा भरवसा इथे चालत नाही, कारण ही घसरण काही दिवसांत होते. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज सुटणं हेही लगेच सांगायचं. तिथे यकृताची तपासणी लागते.

आजाराचं मूळ काय, हेही रक्तातून बरंच कळतं. वाढलेल्या थायरॉइडचं सगळ्यांत मोठं कारण ग्रेव्ह्ज आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली त्याचं वर्णन केलं. यात शरीरच अशी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवतं, की जी टीएसएचचं सोंग घेऊन ग्रंथीला डिवचत राहतात. टीआरएबी नावाच्या तपासणीत ती सापडतात. याउलट ग्रंथीला नुसती सूज येऊन साठा गळत असेल, बाळंतपणानंतर असं होतं कधी कधी, तर कार्बिमॅझोलचा काही उपयोग नसतो, ते आपोआप ओसरतं. दोन्हींचे पहिले रिपोर्ट सारखेच दिसतात. म्हणून कारण न शोधता गोळी सुरू केली असेल, तर डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. ग्रेव्ह्जमध्ये डोळे पुढे येणं, चुरचुरणं, एकाचे दोन दिसणं होत असेल तर घरातल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ती सोडावी, कारण धुराने डोळ्यांचा त्रास नक्की वाढतो.

ग्रेव्ह्जची गोळी साधारण बारा ते अठरा महिने चालते. बंद करण्याआधी टीआरएबी पुन्हा बघतात. तो अजून चढलेला असेल तर आजार उलटण्याची शक्यता जास्त. गोळी बंद झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो पुन्हा होतो, आणि बहुधा पहिल्याच वर्षात. त्यामुळे गोळी संपली तरी तपासण्या संपत नाहीत. पहिलं वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. पुन्हा उलटला तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. त्यानंतर बहुतेकांची ग्रंथी कमी पडते आणि थायरॉक्सिन, म्हणजे कमी पडलेल्या संप्रेरकाची गोळी, आयुष्यभर घ्यावं लागतं. त्याला घाबरू नका, ते सांभाळायला पुष्कळ सोपं आहे.

तरुण मुलींसाठी एक गोष्ट, इथे सासवाही बसल्या आहेत म्हणून मोठ्याने सांगते. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला. पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमॅझोलने बाळात दोष येऊ शकतो, म्हणून औषध बदलावं लागतं. किरणोत्सारी आयोडीन घेतलं असेल तर निदान सहा महिने थांबावं लागतं. आणि दिवस राहिल्याचं कळल्यावर भीतीने गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आजार आटोक्याबाहेर गेला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गरोदरपणात टीएसएचच्या हद्दी वेगळ्या असतात आणि तपासण्याही लवकर लवकर होतात. रक्त देताना कितवा महिना चालू आहे ते फॉर्मवर लिहा. तो रकाना बहुतेक वेळा रिकामाच येतो.